मुलुंडच्या बाल्कनीतलं लेट्यूस कडू का व्हायचं: एका केसचा सगळा पाठपुरावा

केस मुलुंड वेस्टची आहे. सातवा मजला, हॉलला लागून पश्चिमेकडे तोंड असलेली बाल्कनी, तिला बाहेर काढलेली बॉक्स ग्रिल, वर पावसासाठी टाकलेला फायबरचा पत्रा आणि त्याखाली काळ्या प्लास्टिकच्या बारा इंची कुंड्यांत लेट्यूस. लावणाऱ्या काकू आमच्याच सोसायटीतल्या, बँकेतून रिटायर झालेल्या, आणि त्यांच्या हाताला झाडं लागतात हे अख्ख्या विंगला माहितीये. कढीपत्ता, गवती चहा, ओवा, मिरच्या, सगळं त्या ग्रिलमध्ये माजलेलं असतं. लेट्यूस मात्र लागोपाठ दोन सीझन फसलं. पानं बोटभर लांब झाली की रोप पसरायचं सोडून मधूनच उंच सुटायचं, पान खुडलं की देठातून पांढरा चीक यायचा आणि चव अशी की कारलं परवडलं. सूनबाई डाएटवर, ऑफिसमध्ये रोज सॅलडचा डबा बाहेरून मागवते, त्याचं बिल बघून काकूंनी हे मनावर घेतलेलं, त्यामुळे प्रकरण आता इज्जतीचं झालं होतं.

मला बोलवायच्या आधी बऱ्याच लोकांनी निदान करून ठेवलं होतं. सून म्हणाली बियाणं जुनं असेल. शेजारचे काका म्हणाले मुंबईत लेट्यूस होतच नाही, ते महाबळेश्वर-उटीकडचं काम, कशाला नादाला लागता. बहुमत मात्र "खत कमी पडतंय" या बाजूने होतं आणि काकूंनी ते इमानेइतबारे ऐकलेलं, म्हणजे शेणखत, वरून निंबोळी पेंड, केळ्याच्या सालीचं पाणी, मग कुठेतरी बघून आंबट ताक सुद्धा. एका कुंडीत तर एवढं सगळं पडलेलं की चिलटं उठत होती. आपल्याकडे झाडाचं काहीही बिघडलं की पहिलं औषध खतच असतं, हा काही एकट्या काकूंचा दोष नाही.

मी मुद्दाम दुपारी गेलो, फेब्रुवारी संपत आलेला तेव्हा. सकाळी अकराच्या आधी कुणाचीही बाल्कनी छानच वाटते, पश्चिमेच्या बाल्कनीचं खरं रूप साडेतीननंतर दिसतं. सून केक करते त्यामुळे घरात सुईवाला थर्मामीटर होता, तो मागून घेतला आणि आधी हॉलमध्ये बघितलं, 31. मग लेट्यूसच्या कुंडीत उन्हाच्या बाजूला कडेपासून दोन बोटं आत खुपसला. काटा 38 वर गेला, 39, 40, आणि 41 वर थांबला. वरची माती ओली दिसत होती, काकूंनी नुकतंच पाणी घातलेलं.

"काकू, कुंडीला हात लावून बघा जरा."

"अगं बाई! चटका बसतोय की रे. अरे पण मिरची मस्त आहे ना बाजूला?"

प्रश्न बरोबर होता. मिरचीला ती जागा चालते, तिला ऊन हवंच असतं, आणि तिची कुंडी मातीची आणि कढीपत्त्याच्या सावलीत होती. लेट्यूसला दिवसा साधारण 15 ते 22 अंशांच्या मधलं हवामान आवडतं, 30 च्या वर गेलं की त्याचं डोकं फिरायला लागतं. आणि इथे मुळंच 41 ला शिजत होती. काळं प्लास्टिक ऊन पितं, पत्रा गरम हवा खाली दाबून धरतो, मागची भिंत संध्याकाळी सातपर्यंत तापलेली असते, म्हणजे ऊन गेलं तरी कुंडी गार होत नाही.

अजून एक गोष्ट सापडली जी कुणाच्याच लक्षात आलेली नव्हती. दुपारी रोपं मान टाकतात म्हणून काकू तीन-साडेतीनला बाल्कनीतल्या नळाचं पाणी घालायच्या. तो नळ थेट गच्चीवरच्या टाकीचा, टाकी उन्हात आणि पाईप बाहेरच्या भिंतीवरून आलेला. नळ सोडून थर्मामीटर धरला तर सुरुवातीची अर्धी बादली 39 अंशांची. म्हणजे रोपाला थंडावा मिळावा म्हणून त्याला रोज दुपारी कोमट आंघोळ घातली जात होती. काकू गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "मला वाटायचं पाणी म्हणजे पाणी."

आता हे गरमीने कडू कसं होतं ते बघू, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. लेट्यूसचा कडूपणा खताने येत नाही. तो त्याच्या चिकात असतो, लॅक्टुसिन आणि त्याच्या भावकीतली द्रव्यं. कोवळ्या, झपाट्याने वाढलेल्या पानात ती कमी असतात. झाडाला उष्णतेचा किंवा तहानेचा ताण बसला की वाढतात आणि झाड फुलावर यायला लागलं की आणखी वाढतात. उंच दांडा सुटणं, ज्याला बोल्टिंग म्हणतात, ते म्हणजे रोपाने पानांचं दुकान बंद करून बी धरायची तयारी सुरू केलेली असते. पुस्तकात याचं कारण म्हणून मोठे दिवस आणि गरमी अशी दोन्ही दिलेली असतात, लेट्यूस मोठ्या दिवसात फुलणारं झाड आहे हे खरंय, पण मुंबईत डिसेंबरचा दिवस 11 तासांचा आणि जूनचा जेमतेम सव्वातेरा तासांचा, फेब्रुवारीत तर बाराच्या आतच असतो, तेव्हा इथे दांडा सुटला तर आधी गरमीवर संशय घ्यावा. युरोपातल्या लोकांचे सल्ले वाचून मे-जूनची काळजी करत बसण्यात आपल्याला काही अर्थ नाही, आपलं संकट फेब्रुवारीतच दारात येतं.

आणि मुळं गार ठेवली तर किती फरक पडतो याचं माझं आवडतं उदाहरण सिंगापूरचं आहे. तिकडे तर वर्षभर मुंबईच्या मे महिन्यासारखी दमट गरमी, तरी 1990 च्या दशकात तिथल्या संशोधकांनी लेट्यूसची मुळं हवेत लटकती ठेवून त्यांच्यावर गार पोषक पाण्याचे फवारे मारले, मुळांजवळ 20 अंशांच्या आसपास राखलं आणि पानं तशीच गरम हवेत ठेवली. लेट्यूस नीट वाढलं. म्हणजे अख्खं झाड एसीत बसवायची गरज नाही, पाय गार असले तर ते बरंच काही सहन करतं. आपण घरी फवारे-बिवारे बसवणार नाही, पण कुंडी कुठे ठेवायची आणि कशाची घ्यायची हे तर आपल्याच हातात आहे ना.

म्हणून काकूंना सांगितलं, बियाणं बदलायच्या आधी खिडकी बदलायची. त्यांचं किचन पूर्वेला आहे आणि खिडकीबाहेर सिमेंटचा रुंद कट्टा आहे जो आत्तापर्यंत रिकाम्या बरण्या आणि एका मोडक्या मिक्सरसाठी राखीव होता. पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिथलं ऊन बघितलं. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो त्यामुळे जूनमध्ये बघितलेलं ऊन डिसेंबरमध्ये तिथेच असेल याचा भरवसा नाही. नोव्हेंबरमध्ये तिथे सकाळी साडेसातपासून साडेदहापर्यंत ऊन यायचं, मग समोरच्या बिल्डिंगची सावली. तीन तासांचं कोवळं ऊन आणि बाकी दिवस नुसता उजेड, पानांच्या भाजीला एवढं पुरतं. टोमॅटोला पुरलं नसतं.

कुंडीसाठी मी थर्माकोलचे बॉक्स सुचवले, मासळी येते तसले, दीड फूट बाय एक फूट, सातेक इंच खोल. थर्माकोल गरमी आत येऊ देत नाही, पांढरा असल्यामुळे तापत नाही, आणि लेट्यूसची मुळं फार खोल जात नाहीत त्यामुळे सहा-आठ इंच बास होतात. काकूंची पहिली प्रतिक्रिया, "मासळीचा बॉक्स? माझ्या किचनच्या खिडकीत?" घरात शाकाहार कडक. शेवटी मुलाने बाजारातल्या कोळीणबाईंकडून आणले, गच्चीवर सोड्याने आणि लिंबाने घासले, दोन दिवस उन्हात टाकले, तरी पहिला आठवडा सोसायटीचा बोका कट्ट्याखाली येऊन बसायचा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी द्राक्षांचे बॉक्स शोधावेत किंवा साध्या कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळावं, तेही चालतं. बॉक्सच्या तळाला भोकं पाडायची, आणि एक लक्षात ठेवा, असा एक बॉक्स ओला झाला की वीस-पंचवीस किलोचा होतो, तो ग्रिलच्या सळ्यांवर लटकवू नका, कट्ट्यावरच ठेवा. खाली लोक चालत असतात.

मातीत काही विशेष नाही. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समान. फक्त कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुवून पिळून घ्यायची, त्यात मीठ असतं आणि लेट्यूसच्या रोपांना ते सोसत नाही. ताक बंद, केळ्याची सालं बंद. गांडूळखत पाण्यात कालवून गाळलेलं पाणी पंधरा दिवसांनी एकदा, बस.

बियाण्यावर मात्र थोडं थांबावं लागेल. आधीच्या दोन्ही सीझनला काकूंनी ऑक्टोबरमध्ये पेरलेलं, कारण पावसाळा संपला की पेरायचं ही सवय. बी उगवलंच नाही, म्हणून परत पेरलं, परत परत पेरलं, आणि जे उगवलं ते डिसेंबरअखेर, म्हणजे ते मोठं होईपर्यंत फेब्रुवारीची गरमी. ऑक्टोबर हीटमध्ये लेट्यूसचं बी न उगवणं हा त्याचा स्वभाव आहे, ते खराब नसतं. ओल मिळाली तरी साधारण 28-30 अंशांच्या वर ते झोपून राहतं, काही जाती त्याच्याही आधी. शिवाय काकू ते मेथीसारखं अर्धा इंच मातीखाली दाबत होत्या. बऱ्याच जातींच्या लेट्यूसच्या बीला उगवायला उजेड लागतो. 1952 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी शेती संशोधन केंद्रात बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने ग्रँड रॅपिड्स या लेट्यूसच्या बियांवर हाच खेळ केलेला. लाल प्रकाश दिला की बी उगवायचं, त्यानंतर लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा फार-रेड प्रकाश दिला की थांबायचं, परत लाल दिला की परत उगवायचं, शेवटचा प्रकाश कुठला त्यावर सगळं ठरायचं. झाडांना उजेड ओळखता येतो तो फायटोक्रोम नावाच्या द्रव्यामुळे, त्याचा शोध याच बियांच्या मागे लागून लागला. आणि गंमत म्हणजे काकूंच्या पाकिटावरही ग्रँड रॅपिड्सच लिहिलेलं होतं.

तर नोव्हेंबरच्या मध्याला, रात्री जरा गार व्हायला लागल्यावर, ओल्या टिश्यूवर बी पसरून झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं, फ्रीजरमध्ये नाही, खाली भाजीच्या कप्प्यात. दोन-तीन दिवस. मग ट्रेमध्ये कोकोपीटवर नुसतं भुरभुरवलं, वरून चिमूटभर बारीक कोकोपीट, पाणी स्प्रेने. चौथ्या दिवशी काकूंनी ट्रेचा फोटो पाठवला, हिरवे ठिपके, खाली लिहिलेलं "आले रे आले". एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार बिया असतात, त्यामुळे चिमटीने पेरलं तरी गर्दी होतेच आणि गर्दीत रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. जास्तीची कात्रीने कापायची, उपटायची नाहीत, शेजारच्याची मुळं हलतात. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये, मुंबईच्या पावसाळ्याची दमट हवा लागली की पुढच्या वर्षी त्यातलं निम्मं पण उगवत नाही.

जाती निवडताना सुनेला आइसबर्ग हवं होतं, बर्गरमध्ये असतं तसं कुरकुरीत. तो हट्ट सोडायला लावला. आइसबर्गचा गड्डा धरायला 75 ते 90 दिवस सलग गार हवा लागते आणि मुंबईत तेवढी ती नसतेच. सांताक्रूझला जानेवारीत रात्री सरासरी 17 च्या आसपास उतरतं पण दुपार 30-31 ची असतेच. मुलुंडला नॅशनल पार्कच्या डोंगराचा थोडा फायदा आहे, रात्री कुलाब्यापेक्षा गार असतात, तरी दिवस तोच. म्हणून गड्डा न धरणारी, पानं खुडायची लेट्यूस घ्यायची: ग्रँड रॅपिड्स, लाल झालरीचं लोलो रोसो, ओक लीफ, आणि त्यातल्या त्यात गरमी सोसणारं बटाव्हिया. ही पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यात ताटात येतात. एका बॉक्समध्ये चार-पाच रोपंच, काकूंनी आठ लावली आणि दोन आठवड्यांनी तीन स्वतःच काढून कोशिंबिरीत घातली.

पाणी सकाळी, नळाला ताजं येतं तेव्हा बादलीत भरून किचनच्या ओट्याखाली ठेवलेलं. दुपारी मान टाकली तरी बाल्कनीच्या नळाला हात लावायचा नाही, बादलीतलंच द्यायचं. हा नियम काकूंनी नळावर चिठ्ठी लावून घरच्यांना पाळायला लावला.

जानेवारीत दुपारी तोच थर्मामीटर बॉक्समध्ये खुपसला तर 26. त्याच वेळी जुन्या बाल्कनीत तुलनेसाठी ठेवलेल्या काळ्या कुंडीत 37. तिथे त्याच ट्रेमधली दोन रोपं लावली होती, तीच माती, तेच बी, आणि जानेवारी संपायच्या आत दोघांनी दांडा सोडला. किचनवाल्यांनी नाही. काकूंच्या घरच्या काकांनी दोन्हीकडचं पान चाखून बघितलं आणि बाल्कनीतलं थुंकलं.

सगळं गोड-गोड झालं असंही नाही. नव्या पानांच्या कडा मधे तपकिरी पडायला लागल्या. खालच्या वहिनींनी लगेच अंड्याची टरफलं देऊ केली, कॅल्शियम कमी म्हणून. कॅल्शियमचं दुखणं ते खरं, पण बहुतेक वेळा ते मातीत असतंच, आतल्या कोवळ्या पानापर्यंत पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबर चढतं आणि पाणी एक दिवस भरपूर, एक दिवस विसरलं असं झालं की पुरवठा तुटतो. (काकू त्या आठवड्यात लग्नाला पुण्याला गेलेल्या.) टरफलं विरघळायला महिने लागतात, तोवर लेट्यूस संपून जातं. पाणी नियमित केलं, पुढची पानं नीट आली.

मग मावा आला, हिरवा, पानाच्या मागे आणि गाभ्यात. इथे घरात वाद झाला कारण काकूंचा निमतेलावर फार विश्वास. मी म्हटलं कडूपणा घालवायला एवढा खटाटोप केला आणि आता कच्च्या खायच्या पानावर निमतेल मारायचं? पाण्याची बारीक धार पानांच्या मागून, दोन दिवसाआड, आणि जास्त भरलेली पानं सरळ काढून टाकायची. कबुतरांसाठी जाळी आधीच होती. समोर रिडेव्हलपमेंटचं काम चालू आहे त्याची धूळ बसते, ती धुवायला लागते, त्यावर काही उपाय नाही. आणि बॉक्सखाली ट्रे न ठेवल्यामुळे सहाव्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर लाल पाणी टपकलं ते एक प्रकरण सेक्रेटरीपर्यंत गेलं, ते मिटवायला काकूंनी लेट्यूसची जुडी आणि तिळाच्या वड्या पाठवल्या.

खुडणी सकाळी सातच्या आत, बाहेरची पानं, मधला गाभा न दुखावता. पान रात्रभर पाणी पिऊन टरारलेलं असतं. गार पाण्यात दहा मिनिटं घालून, निथळून, कापडात गुंडाळून डब्यात. आठवड्यातून दोनदा सुनेचा डबा भरेल एवढं निघायचं. म्हणजे रोजचं बाहेरचं बिल थांबलं नाही हे पण सांगायला हवं, रोज हवं असेल तर याच्या दुप्पट कट्टा लागेल आणि तो त्या घरात नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पूर्वेचा कोरडा वारा सुटला, समुद्राचा वारा दुपारी उशिरा यायला लागला आणि तापमान 36 च्या वर गेलं, तेव्हा किचनच्या खिडकीतली रोपंही मधून उचलायला लागली. मी सांगितलेलं की तेव्हा शेड नेट, बर्फ, असले उपद्व्याप करत बसायचं नाही, सगळं एकदम कापून घ्यायचं. शेवटची पानं थोडी कडवटच होती. काकूंनी ती बारीक चिरून भरपूर लसूण आणि सुकी मिरची घालून पीठ पेरून केली, घरात कुणी काही बोललं नाही. आता त्याच बॉक्समध्ये लाल माठ आणि मायाळू आहे, त्यांना मुंबईची गरमी मानवते.

यंदा नोव्हेंबरला त्यांना रोमेन, म्हणजे लांब उभ्या पानांचं लेट्यूस, लावून बघायचंय. समोरचा टॉवर तोवर आणखी चार-पाच मजले वर गेलेला असेल, त्यामुळे बी फ्रिजमध्ये ठेवायच्या आधी किचनच्या कट्ट्यावर ऊन किती वाजेपर्यंत टिकतंय ते परत बघायला लागेल. तीन तासांच्या खाली आलं तर बेडरूमची दक्षिणेची खिडकी आहे, फक्त तिथे काकांची योगा मॅट आणि एक्सरसाइजची सायकल आहे आणि त्यावर अजून बोलणी चालू आहेत.